कोल्हापूर-पुणे वंदे भारत (सांगलीतनं): गाडी झकास, टाइमटेबल कुणासाठी?

सप्टेंबर 2024 ला सुरू झाली तेव्हापासनं जायचं जायचं म्हणत होतो, शेवटी गेलो. गाडीला नावं ठेवायला जागा न्हाई राव. आठ डबे, एसी गार, सीट ऐसपैस, मोबाइल चार्जिंग जागेवरच, आणि कराडच्या पुढं बाहेर बघत बसावं असा प्रवास. फक्त आदर्कीच्या घाटात वळणावळणानं गाडी अशी हळू होते की आपण वंदे भारतमध्ये आहे हेच विसरायला होतं. त्यात गाडीचा दोष न्हाई, लाइनच इंग्रजांच्या काळातली, मीटर गेजच्या, म्हणजे अरुंद रुळाच्या हिशोबानं आखलेली, ब्रॉडगेज म्हणजे रुंद रूळ झाले 1971 ला. विजेच्या तारा आल्या, दुसऱ्या रुळाला मात्र वर्षानुवर्षं लागली. म्हणून सव्वातीनशे किलोमीटरला सव्वापाच तास.

आता खरा मुद्दा. कोल्हापुरातनं सव्वाआठला सुटते आणि पुण्यात दीडला पोचवते, आठवड्यातनं तीनच दिवस, सोम गुरू शनि. दीडला पोचून कुठलं हापिस गाठायचं, कुठल्या कंपनीत मीटिंग करायची? त्याच दिवशी परत यायचं म्हटलं तर पुण्याहून सांगलीवरनं जाणारी हुबळीची वंदे भारत सव्वादोनला आहे, म्हणजे पुण्यात हातात पाऊण तास, स्टेशनवर वडापाव खायचा आणि फिरायचं माघारी 😂 न्हाईतर मुक्काम.

हे मी चिडून बोलतोय कारण रेल्वेनं काय होतं ते याच लाइनवर दिसतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 ला कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना टाकला, औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी जागा दिली, कच्चा माल आणायला आणि नांगर पाठवायला रूळ शेजारीच, आणि आज त्या स्टेशनचं नावच किर्लोस्करवाडी आहे, वंदे भारत तिथं थांबते. मिरजेचं पण तसंच, जंक्शन असल्यामुळं कर्नाटकातनं पेशंट थेट दवाखान्यात येतात, 2016 ला लातूरला पाण्याची रेल्वे गेली ती पण तिथनंच. रूळ आधी आले, धंदा मागनं आला. आता आमचा बेदाणा, हळद, द्राक्षं सगळं ट्रकवर आणि पोरं शिकून पुण्यात, कारण सकाळी जाऊन रात्री घरी येण्यासारखी गाडीच न्हाई. पहाटे पाचला मिरजेतनं सोडा, संध्याकाळी सहाला पुण्यातनं, मग बघा सांगली साताऱ्याला राहून पुण्याची कामं करणारे किती निघतात ते. पुढच्या पन्नास वर्षांच्या विकासाचा आराखडा करायचा तर जरूर करा की, पण त्यात ही गाडी पण धरा.

स्टार: गाडीला पाच, वेळेला दीड. आईवडलांना न्यायचं असेल, लग्नाला जायचं असेल तर बिनधास्त बुक करा. सकाळचं काम असेल तर आपली रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेसच बरी, झोप मोडती तेवढी मोडू दे.