ऑफिसात संडास एकच असावा की बायकांचा वेगळा? गाळा घेताना हे बघून ठरवा

जालन्यात बियाण्यांच्या एका ऑफिसात मी हिशेब लिहायला होते, तेव्हाची गोष्ट. मे महिना, बाहेर ४२ डिग्री, आत दोन कूलर. शेजारच्या टेबलावरची मुलगी सकाळी साडेनऊला यायची आणि संध्याकाळी सहापर्यंत पाण्याचा घोट घ्यायची नाही. एक दिवस उभ्या उभ्या चक्कर आली तिला. झाडलोट करणाऱ्या मावशींनी लिंबूपाणी पुढं केलं. "पी ना गं लेकरा, पाणी कामून पीत नाहीस?" ती हळूच म्हणाली, "प्यायलं की जावं लागतं ना, मावशी."

जायचं कुठं, तर हॉलच्या कोपऱ्यातल्या एका दारामागं. त्या दारासमोर तीन हातांवर डिस्पॅचच्या मुलांची टेबलं. चौदा माणसांत आम्ही चौघी. दाराच्या वर दीड फूट मोकळं, कडीचा एक स्क्रू निघालेला. आत गेलं की एक हात कडीवर धरून ठेवायचा आणि आधी नळ सोडायचा, म्हणजे आवाज बाहेर जायचा नाही. त्या मुलांचा काही दोष नव्हता. आमच्यापैकी कुणी तिकडं निघालं की त्यातला एकजण मुद्दाम उठून बाहेर जायचा. पण तो उठला म्हणजे आम्ही कुठं निघालोय हे सगळ्या हॉलला कळायचं.

हे सगळं पुन्हा वर आलं, कारण माझा मावसभाऊ छत्रपती संभाजीनगरात चिकलठाण्याजवळ टॅक्सचं ऑफिस थाटतोय. दुसऱ्या मजल्यावरचा गाळा, माणसं अकरा, त्यात पाच बायका. त्यानं नकाशा पाठवला आणि विचारलं, "ताई, जागा कमी आहे. सगळ्यांना मिळून एकच मोठं टॉयलेट करतो, आत तीन खाने पाडतो. पुण्यात बघून आलोय, आता असंच करतात. का बायकांना वेगळंच द्यावं लागतं?" त्याला जे सांगितलं ते इथं सविस्तर लिहिते. लातूर, नांदेड, परभणी, बीड, सगळीकडं असे गाळे भरताहेत आणि संडासाचा विचार फर्निचर ठरल्यावर उरलेल्या कोपऱ्यात होतोय.

खाने पाडलेलं सामाईक टॉयलेट

एका मोठ्या खोलीत प्लाय किंवा लॅमिनेटचे आडोसे, खाली अर्धा फूट फट, वर मोकळं, बाहेर एकच बेसिन. याचे फायदे खरे आहेत. जागा कमी लागते, धुवायला सोपं जातं, तीन माणसं एका वेळी जाऊ शकतात. पण स्त्री-पुरुषांना मिळून द्यायचं असेल तर माझ्या मते हा सगळ्यात वाईट पर्याय आहे.

ज्याच्यासोबत दिवसभर फायली बघायच्या, तोच माणूस शेजारच्या खान्यात असतो. पॅडचं वेष्टण फाडल्याचा आवाज त्याला ऐकू जातो, आणि गेला हे बाईला कळतं. तो बाहेर बेसिनशी हात धुतोय म्हणून ती आतच थांबते. पाळीत कुर्त्याला डाग पडला तर तेवढा भाग धुवायला बेसिन लागतं, आणि ते सगळ्यांसमोर. मग बायका पर्समधून ओढणी काढून कमरेला बांधतात आणि तशाच घरी जातात. पॅड चार ते सहा तासांनी बदलावं असं डॉक्टर सांगतात. अशा जागी बाई सकाळचं पॅड संध्याकाळपर्यंत ओढते.

फटीखालून मोबाईल सरकवायला वेळ लागत नाही, ही धास्ती वेगळीच. स्त्रीचं चोरून चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ प्रमाणे गुन्हा आहे आणि तसं कुणी केलं तर तक्रार करायलाच हवी. पण तक्रारीची वेळ येऊ नये यासाठी भिंत छतापर्यंत नेणं आपल्या हातात असतं.

भावानं पुण्यात काय पाहिलं तेही मी खोदून विचारलं. तिथं प्रत्येक सीटला स्वतंत्र खोली होती, चारही भिंती छतापर्यंत आणि बेसिन आत. त्याच्या लक्षात राहिली फक्त दारावरची 'सर्वांसाठी' ही पाटी. या दोन व्यवस्थांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

एकच खोली, पण पूर्ण बंद

पाच-सहा माणसांचं ऑफिस असेल, दवाखाना किंवा छोटा क्लास असेल आणि दुसऱ्या खोलीला खरोखर जागा नसेल, तर सगळ्यांना मिळून एक बंद खोली चालते. मी अशा ठिकाणी तीन वर्षं काम केलं आणि मला तिथं कधी अवघडल्यासारखं झालं नाही. त्याची कारणं साधी होती. वीटकाम छतापर्यंत होतं. दार हॉलमध्ये न उघडता चहाच्या ओट्यामागच्या बोळात उघडायचं, त्यामुळं कोण चहाला गेलं आणि कोण बाथरूमला, हे कुणी बघत नव्हतं. एक्झॉस्ट पंखा दिव्याच्याच बटणावर जोडलेला होता. दिवा लावला की पंखा घरघरायला लागायचा आणि नळ सोडून आवाज झाकायची गरजच उरायची नाही. इलेक्ट्रिशियनचं ते पाच मिनिटांचं काम, पण बाईच्या दृष्टीनं त्याचं मोल फार आहे.

अशा खोलीचा मोठा त्रास म्हणजे ओली सीट. पुरुष उभ्यानं जातात, सीट वर करायची राहून जाते, आणि नंतर जाणाऱ्या बाईला अधांतरी बसावं लागतं किंवा आधी सीट पुसावी लागते. सूचना चिकटवून हे थांबलेलं मी पाहिलेलं नाही. पुरुषांसाठी भिंतीवर एक युरिनल बसवलं की त्रास निम्म्याहून जास्त कमी होतो. ते त्याच बंद खोलीत असलं तरी चालतं, कारण एका वेळी एकच माणूस आत असतो.

दुसरा त्रास दारावरच्या टकटकीचा. साडी किंवा पंजाबी ड्रेस सावरायला, पाळीच्या दिवसांत सगळं आवरायला वेळ लागतो. बाहेर कुणी ताटकळतोय हे कळलं की बाई अर्धवट आवरून निघते. माणसं आठ-दहाच्या वर गेली की एक खोली सगळ्यांनाच अपुरी पडते.

या पर्यायाची एक बाजू मला मनापासून पटते. तृतीयपंथी सहकाऱ्याला 'स्त्री' आणि 'पुरुष' या दोन पाट्यांपुढं उभं राहून विचार करावा लागत नाही. अपंग माणसाला आधार द्यायला बायको किंवा बहीण सोबत आत जाऊ शकते. वेगळं-वेगळं करताना या माणसांचा विसर पडायला नको.

'महिला' अशी पाटी आहे, पण आत काय आहे?

वेगळ्या संडासाची बाजू मी घेणार, हे उघड आहे. पण आधी लातूरच्या एका ऑफिसातलं सांगते, कारण नुसत्या पाटीवर माझा विश्वास उरलेला नाही. तिथं स्त्रियांसाठी वेगळी खोली होती. किल्ली साहेबांच्या केबिनबाहेर बसणाऱ्या शिपाईमामांकडं. प्रत्येक वेळी जाऊन "मामा, किल्ली" म्हणायचं आणि परत द्यायची. आत जुन्या फायलींचे खोके, पोछा, फिनेलचे कॅन, मोडकी खुर्ची. नळाला पाणी नाही, कारण टाकीचा पाइप पुरुषांच्या बाजूलाच जोडलेला. आम्ही दोन मजले उतरून खालच्या लॅबमध्ये जायचो, तिथल्या ताई ओळखीच्या होत्या म्हणून. भाडेकरारात मात्र 'स्वतंत्र महिला प्रसाधनगृह' लिहिलेलं होतं.

ही खोली नीट असेल तर तिला तोड नाही. झाकणाची कचराकुंडी, रद्दी कागदाची चळत, ओढणी-पर्स अडकवायला दोन खुंट्या, आरसा, आतच बेसिन. कुंडी नसली की बायका वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून पर्समधून घरी नेतात किंवा नाइलाजानं फ्लशमध्ये टाकतात, मग लाइन तुंबते आणि बोल बायकांनाच लागतो. कुंडी रोज रिकामी कुणी करायची, हे पहिल्याच दिवशी मावशींशी बोलून ठरवावं. त्यांना हातमोजे द्यावेत आणि त्या कामाचे पैसेही धरावेत.

लघवी रोखून धरणं आणि त्यासाठी पाणीच न पिणं बाईला जास्त महागात पडतं. तिचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटीमीटरचा असतो, पुरुषाचा साधारण २०. जंतूंना मूत्राशयापर्यंत पोचायला अंतरच नसतं. त्यात आपल्याकडचा उन्हाळा. जळजळ, ताप, रजा, पुन्हा औषधं, हे चक्र मी मैत्रिणींचं पाहिलंय आणि स्वतःही भोगलंय.

जिन्यावरचं कॉम्प्लेक्सचं टॉयलेट

भाडं कमी म्हणून बरेचजण यावर भागवतात. दिवसा, खाली वर्दळ असताना एखाद्या वेळी ठीक. मार्चअखेरीला रात्री नऊपर्यंत काम चालतं, तेव्हा दिवे गेलेल्या जिन्यातून एकटीनं जायचं असतं. हा पर्याय मी मोजतच नाही.

पाणी

मराठवाड्यात या तुलनेचा निम्मा भाग पाण्याचा आहे. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आपण विसरलेलो नाही. जुन्या पद्धतीची फ्लशची टाकी एका वेळी सुमारे १० लिटर ओतते, दोन बटणांची नवी टाकी ३ किंवा ६ लिटर, आणि भारतीय बैठकीच्या भांड्याला दोन-तीन लिटरचा मग-बादलीचा मारा पुरतो. टँकरवर चालणाऱ्या इमारतीत दोन खोल्या करायच्या तर दोन बटणांचीच टाकी घ्या. पाणी कमी पडलं की "सध्या एकच वापरा" म्हणून बायकांच्या खोलीला आधी कुलूप लागतं, हे मी दोन उन्हाळ्यांत पाहिलंय. म्हणून त्या खोलीत झाकणाचा एक ड्रम कायम भरलेला असावा.

कमोड की इंडियन, हा वाद प्रत्येक ऑफिसात होतो. कमोडला अंग लागतं, म्हणून तो कमी माणसांच्या खोलीत, म्हणजे बायकांच्या खोलीत असावा आणि सगळ्यांच्या खोलीत भारतीय बैठक, असं माझं मत आहे. गरोदर बाईला आणि गुडघेदुखीवालीला खाली बसवत नाही. पण हे भावानं किंवा मी ठरवण्यापेक्षा त्या पाचजणींना विचारलेलं बरं. त्यानं विचारलं तेव्हा वयानं मोठ्या असलेल्या मॅडमनी पहिल्यांदाच सांगितलं, की जुन्या जागेत इंडियन असल्यामुळं त्या दिवसभर जातच नव्हत्या.

कायदा काय म्हणतो

"कायद्यात एक चालतं का?" हाही त्याचा प्रश्न होता. कारखान्यांबाबत वाद कधीच नव्हता. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम १९ मध्ये स्त्री-पुरुषांसाठी वेगळी, बंदिस्त सोय सांगितली होती आणि नियमांत दर २५ स्त्रियांमागे एक संडास असं प्रमाण होतं. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये तर पुरुष, स्त्री आणि तृतीयपंथी अशा तिघांची सोय वेगवेगळी करायला सांगितलंय. वाळूज-शेंद्र्यात शेड घेणाऱ्यानं सामाईक टॉयलेटचा विचारही करू नये. दुकानं आणि ऑफिसांसाठी महाराष्ट्राच्या २०१७ च्या अधिनियमात पुरुष आणि स्त्रियांसाठी पुरेशी सोय मालकानं करावी असं आहे, आणि जागेची अडचण असेल तर काही मालकांनी मिळून सोय करायला मुभा आहे. १५ जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं देशभरातल्या न्यायालयांच्या आवारात पुरुष, स्त्रिया, अपंग आणि तृतीयपंथी यांच्यासाठी स्वतंत्र स्वच्छतागृहं करायला सांगितली. वारा कुठल्या दिशेनं आहे, हे यातून कळतं.

मग काय घ्यायचं

पाच-सहा माणसं आणि जागाच नाही, तर एकच पूर्ण बंद खोली, वर सांगितलेल्या सगळ्या गोष्टींसह. त्यापुढं दोन खोल्या. दोन्ही सगळ्यांना मोकळ्या ठेवल्या तर रांग कमी लागते, हा हिशेब मला मान्य आहे. तरी त्यातली एक नक्की बायकांची असावी, कारण कुंडी, आरसा, कोरडी सीट या गोष्टी टिकायला वापरणारी माणसं ठरलेली लागतात. दुसरीवर 'पुरुष' न लिहिता 'सर्वांसाठी' लिहावं, म्हणजे ज्याला-जिला तिथंच बरं वाटतं त्यांची सोय होते. कारखाना असेल तर अर्थात कायद्याप्रमाणं वेगवेगळंच. आणि आडोशाचे खाने कुठंच नकोत. अगदी फक्त बायकांचं असलं तरी भिंत पूर्ण घ्या.

भावानं नकाशा बदललाय. बायकांची खोली चार बाय साडेपाच फुटांची, दार चहाच्या ओट्याकडून. मीटिंगचं टेबल दहाऐवजी आठ खुर्च्यांचं झालं. कॉम्प्लेक्समधले बाकीचे लोक घुसतील म्हणून बाहेरून कुलूप लावावं लागेल म्हणाला, तर त्याला सांगितलं, पाच किल्ल्या कर, पाचही जणींना दे, तुझ्याकडं एकही ठेवू नकोस. परवा सुताराला कडी बसवायला बोलावलंय असा त्याचा फोन आला. त्याला म्हटलं, स्टीलची घे, आणि चार स्क्रूंची जागा असेल तर चारही लावलेत का ते आत जाऊन, दार ओढून बघ.