पदकांची पेटी

१९३२चा ‘आय ॲम अ फ्युजिटिव्ह फ्रॉम अ चेन गँग’ (चेन गँग म्हणजे साखळदंडात राबणारे कैदी) हा अमेरिकी चित्रपट परवा दुसऱ्यांदा पाहिला. पहिल्या खेपेला साखळदंड आणि पाठलाग यांतच गुंतले होते. या वेळी जीव अडकला तो सुरुवातीच्या एका लहानशा प्रसंगात.

जेम्स ॲलन पहिल्या महायुद्धातून परतलाय. जुन्या कारखान्यात त्याचं मन रमत नाही, त्याला पूल बांधायचे आहेत. कामासाठी गावोगाव फिरतो, कुठेच थारा मिळत नाही. शेवटी लढाईतलं पदक विकायला गहाणवटीच्या दुकानात जातो, तर दुकानदार त्याला अशाच पदकांनी भरलेली पेटी दाखवतो. बस्स. किती सैनिक असे उपाशीपोटी तिथे येऊन गेले, ते वेगळं सांगावं लागत नाही. त्याच वर्षी जुलैत, ठरलेला बोनस मागायला वॉशिंग्टनला जमलेल्या माजी सैनिकांना लष्कराने हुसकून लावलं होतं. नोव्हेंबरात हा चित्रपट आला, तेव्हा ती पेटी बघताना प्रेक्षकांना काय वाटलं असेल!

पुढे ओळखीचा एकजण फुकट हॅम्बर्गर मिळवून देतो म्हणून ॲलनला नेतो आणि बंदुकीच्या धाकाने गल्ला रिकामा करायला लावतो. शिक्षा दहा वर्षं सक्तमजुरी. ज्या रॉबर्ट बर्न्सच्या आपबीतीवर हे बेतलंय, त्याच्या जॉर्जियातल्या लुटीत सहा डॉलरही पुरते नव्हते.

तुरुंगाचा भाग अंगावर येतो. घाम पुसायचा तरी पहारेकऱ्याची परवानगी! पळून जाता यावं म्हणून ॲलनच्या पायातलं कडं ढिलं करायला सोबतचा कैदी त्यावर घण घालतो. एक घाव चुकला तर पायच जायचा. तेव्हा पॉल म्युनीचा चेहरा बघा. त्याच वर्षी ‘स्कारफेस’मध्ये गुंड रंगवणारा हाच नट, हे पटत नाही. ॲलनचं गुपित कळल्यावर त्याला लग्नाला भाग पाडणाऱ्या मारीच्या ब्लॅकमेलचा भाग मात्र मला भडक वाटला. पाद्री भावाचे उपदेशही लांबलेत.

शेवट आधी कळू नये असं वाटत असेल तर इथेच थांबा.

दुसऱ्यांदा पळताना ॲलन डायनामाइटने मागचा पूल उडवतो. पूल बांधायला निघालेला माणूस! आणि सरतेशेवटी त्याची प्रेयसी हेलन विचारते, जगतोस कसा? तो अंधारात मागे सरकतो आणि तिथूनच उत्तर येतं, ‘चोरी करतो.’ बंदूक रोखल्यावरच गल्ल्याला हात लावणारा हा माणूस आता हे स्वतःच्या तोंडाने सांगतो. मी उठून दिवा लावला, पण बराच वेळ कुणाशी बोलावंसं वाटेना.