चौदा महिने मोटरहोम वापरल्यानंतर: पंपाबद्दलचे मत मागे घेत आहे

मोटरहोम म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी. तिची मापे, इंजिन आणि आतील मांडणी यांविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यामुळे ते पुन्हा सांगत नाही. मला लिहायचे आहे ते पाण्याच्या पंपाविषयी, कारण या १४ महिन्यांत माझी झोप आणि माझा पैसा सर्वाधिक त्यानेच खाल्ला.

तिसऱ्या महिन्यात सुरुवात झाली. सगळे नळ बंद असत, सगळे झोपलेले असत आणि पलंगाखालून अचानक दोन सेकंद घर्र असा आवाज येऊन थांबे. वीसेक मिनिटांनी पुन्हा तेच. पंप १२ व्होल्टचा, डायफ्रामचा, म्हणजे लवचीक पडद्याच्या हालचालीने पाणी ढकलणारा आहे. नळ उघडला की नळ्यांतील दाब उतरतो, प्रेशर स्विचला ते कळते आणि पंप सुरू होतो. तेव्हा नळ न उघडताच तो सुरू होत असेल, तर दाब कुठून तरी निसटतो आहे, एवढे मलाही समजत होते. ‘अहो, झोपताना स्विच बंद करा ना,’ असे पत्नीने पहिल्याच रात्री सुचवले. उपाय बिनखर्चाचा होता, परंतु त्याने आवाज थांबला असता, बिघाड नव्हे, म्हणून मी तो मानला नाही आणि पुढचे तीन आठवडे आम्ही दोघेही धड झोपलो नाही.

सर्व्हिस सेंटरमध्ये आधी ‘साहेब, असे होतेच’ हे उत्तर मिळाले. आग्रह धरल्यावर पंपच बदलावा लागेल असे ठरले आणि अर्ध्या तासात तो बदललाही गेला. बिल भरताना मी जुना पंप मागून घेतला. काउंटरवरच्या माणसाला तो चिकटपणा वाटला असावा. पण माझ्या गाडीतून निघालेली वस्तू माझीच, असे माझे साधे मत आहे. नवा पंप १६ दिवस शांत राहिला आणि सतराव्या रात्री पुन्हा घरघरला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी हा अनुभव लिहायला घेतला होता व त्यात पंपाला एकच तारा दिला होता. तो मजकूर तसाच पडून राहिला हे बरे झाले.

त्याच आठवड्यात जुना पंप वर्तमानपत्रावर ठेवून उघडला. डोक्याचे स्क्रू काढल्यावर रबरी व्हॉल्व्हच्या कडेला पांढऱ्या प्लास्टिकचा एक वेटोळा तुकडा अडकलेला दिसला, कापलेल्या नखाहूनही बारीक. टाकीला नळी जोडण्यासाठी भोक पाडताना निघतो तसला तो कीस होता. त्याच्यामुळे व्हॉल्व्ह पुरता मिटत नव्हता आणि दाबाखालचे पाणी हळूहळू टाकीतच परत जात होते. बाहेर थेंबही न सांडल्याने मला कुठे ओल सापडली नव्हती. मग गाडीतील पंपाच्या तोंडाशी असलेली गाळणी उघडली. पारदर्शक वाटीत जाळी होती, पण ती तिरकी बसलेली होती आणि एका कडेला फट राहिली होती. पंप बदलणाऱ्याने ती वाटी उघडण्याची तसदी घेतली नव्हती. गाळणी तीच, कीस तोच आणि पंप मात्र नवा!

येथे मला माझ्याकडेही पाहावे लागले. टाकी धुण्याचे काम मी ‘पाण्याला पाण्याने काय धुवायचे’ असे म्हणत टाळले होते. आता ते न चुकता करतो. आधी पिण्याच्या पाण्याचे कार्बन फिल्टर काढून ठेवायचे, टाकी भरताना दर लिटरमागे साधारण १ मिलिलिटर या हिशेबाने ५ टक्क्यांचे बिनवासाचे साधे ब्लीच घालायचे, गार आणि गरम असा प्रत्येक नळ ब्लीचचा वास येईपर्यंत उघडा ठेवायचा, १२ तास थांबायचे आणि वास जाईपर्यंत ताज्या पाण्याने खळबळून टाकायचे. पहिल्या धुण्यात गाळणीच्या वाटीत चमचाभर कीस जमला. तो मी एका डबीत जपून ठेवला आहे, कारण सर्व्हिस सेंटरमध्ये तोंडी सांगण्याला फारशी किंमत नसते.

जाळी सरळ बसवली, साफ केलेला जुना पंप पुन्हा जोडला आणि नवा सुटा करून ठेवला. घरघर थांबली. त्या काळात अ‍ॅक्युम्युलेटर, म्हणजे दाबाखाली थोडे पाणी साठवून दाब सांभाळणारी छोटी टाकी, बसवण्याचा सल्ला अनेकांनी दिला. त्याने पंप सतत चालू-बंद होत नाही हे खरे, पण मी तो बसवला नाही, आणि ते किती बरे झाले हे अकराव्या महिन्यात कळले.

कडाक्याच्या थंडीनंतरच्या पहिल्याच सहलीत तो आवाज परतला, मात्र या वेळी चाळीस मिनिटांच्या अंतराने. पंपाच्या पुढच्या नळीवर एक बंद करण्याची तोटी आहे. ती बंद करूनही पंप वाजला, तर दोष पंपात असतो. तो गप्प झाला, तर गळती तोटीच्या पुढे असते. पंप रात्रभर गप्प राहिला. मग तोटी पुन्हा उघडून प्रत्येक जोडाखाली क्रमांक घातलेला टिश्यू पेपर ठेवला. सकाळी ७ क्रमांकाचा, शॉवरच्या मिक्सरमागचा (गार-गरम पाणी मिसळणाऱ्या नळामागचा) कागद ओला निघाला. मिक्सरच्या अंगाला केसाएवढी चीर गेली होती. गाडी थंडीत उभी करण्यापूर्वी मी टाकी आणि गीझर रिकामे केले होते, पण मिक्सरचा दांडा गरम बाजूला वळलेलाच राहिला, त्यामुळे गार बाजूचे पाणी आत अडकले. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि पितळ त्याला जुमानत नाही असे मी उगाचच समजत होतो. दांडा वर उचलून मधोमध ठेवायचा, म्हणजे दोन्ही बाजू रिकाम्या होतात.

ओल मोजणाऱ्या मीटरवर मिक्सरमागच्या कपाटाखालची फळी १७ टक्के दाखवत होती, उरलेली फरशी १२ च्या आत होती. १५ पर्यंत निर्धास्त राहावे, २० च्या पुढे लाकूड कुजण्याची धास्ती धरावी, असा सर्वसाधारण हिशेब आहे. अ‍ॅक्युम्युलेटर बसवला असता, तर त्यात साठलेल्या पाण्याने दाब बराच वेळ धरून ठेवला असता आणि पंप रात्रीतून कदाचित एकदाच वाजला असता. तेवढ्यासाठी मी उठलो नसतो. ज्या आवाजाला मी एक तारा दिला होता, त्यानेच माझी फरशी वाचवली.

उरलेल्या देखभालीत सांगण्यासारखे फार नाही. टायरची नक्षी नवी दिसते म्हणून कोणी गाफील राहू नये. कडेवरच्या कोडमधील शेवटचे चार आकडे वाचावेत. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. उभ्या गाडीचे टायर न झिजताही म्हातारे होतात. जमिनीलगतच्या गॅसच्या जाळ्या वारा लागतो म्हणून बुजवू नयेत, कारण गळालेला स्वयंपाकाचा गॅस (एलपीजी) हवेपेक्षा जड असतो आणि तो तिथूनच बाहेर पडतो. छताच्या सांध्यांवर मी घरातील उरलेले सिलिकॉन वापरून बचत केली होती. सहा महिन्यांनी ते कडेने सुटले, आणि त्याचा थर राहिलेल्या जागी दुसरे कुठलेच सीलंट चिकटेना, म्हणून दोन रविवार प्लास्टिकच्या पट्टीने खरवडण्यात गेले.

पंपाला आता चार तारे देतो. गाडी सोडून जाताना त्याचा स्विच बंद करतो, पण प्रत्येक सहलीची पहिली रात्र तो मुद्दाम चालू ठेवतो. पत्नी त्या रात्री कानात कापूस घालून झोपते. नवा पंप परत घ्यावा म्हणून मी कीस असलेल्या डबीसह सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो, तेव्हा एकदा बसवलेला विजेचा भाग परत घेत नाहीत असे सांगण्यात आले. तो आता फडक्यात गुंडाळून पलंगाखाली, जुन्या पंपाच्या शेजारीच ठेवला आहे.