फॉलआउट 3 की न्यू वेगास?
या दोन व्हिडिओ गेमपैकी एकच घ्यायचाय ना, मग ऐक. भटकायला फॉलआउट 3 (2008) भारी, उद्ध्वस्त वॉशिंग्टनमध्ये हवं तिकडे सुटायचं. न्यू वेगासमध्ये (2010) सुरुवातीलाच सरळ उत्तरेला गेलास तर कॅझाडोर नावाच्या अजस्र गांधीलमाश्या डंख मारून आडवं करतात, म्हणजे वळसा घालणं आलंच. पण निवडीचं म्हणशील तर 3 मध्ये मेगाटन गावातला अणुबॉम्ब निकामी कर नाहीतर अख्खं गाव उडव, संत किंवा राक्षस, मधलं फारसं काही नाही! वेगासमध्ये एनसीआरला (न्यू कॅलिफोर्निया रिपब्लिक, तिथली एक सत्ता) खूश केलंस की त्यांची शत्रू फौज, सीझरची लीजन, खवळते आणि हूव्हर धरण कुणाच्या घशात घालायचं हे शेवटपर्यंत डोकं खातं. क्रॅश दोन्ही होतात, सेव्ह करत राहा. नुसतं हुंदडायचंय तर 3, माणसांच्या भानगडीत रस असेल तर वेगास, मी तरी वेगासच घेईन.