'प्रायमर' बघावा की 'कोहेरन्स'?

कमी पैशांत केलेला, पदार्थविज्ञानाच्या एखाद्या कल्पनेवर उभा असलेला सायन्स फिक्शन सिनेमा सुचवा म्हटलं की ही दोन नावं हमखास पुढे येतात. शेन कॅरुथचा 'प्रायमर' २००४ चा, जेम्स वॉर्ड बिरकिटचा 'कोहेरन्स' २०१३ चा. लोकांची मतं वाचून निवडायला जाल तर गोंधळच वाढेल. एकाला आयुष्यभराचा सिनेमा सापडलेला असतो, दुसऱ्याने अर्ध्या तासात बंद केलेला असतो, आणि बहुतेक वेळा दोघांचं बोट एकाच गोष्टीवर असतं. तेव्हा तक्रारी नीट वाचा. स्तुतीपेक्षा त्याच जास्त कामाला येतात.

'प्रायमर'बद्दलची पहिली तक्रार ठरलेली: काय बोलतात तेच कळत नाही. खरं आहे. पांढरे शर्ट आणि टाय घातलेली चार मुलं गॅरेजमध्ये उभी राहून एकमेकांचं वाक्य तोडत बोलतात, आणि प्रेक्षकाला समजावं म्हणून कुणी थांबत नाही. वस्तूचं वजन कमी करणारं यंत्र बनवायचा त्यांचा बेत असतो. त्यासाठी लागणारा पॅलेडियम हा धातू गाडीच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधून, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या भागातून काढतात, आणि भलतंच काहीतरी हाती लागतं. कॅरुथ गणित शिकलेला, सिनेमात येण्याआधी इंजिनिअरची नोकरी केलेला. लेखन, दिग्दर्शन, संकलन, संगीत आणि एक प्रमुख भूमिकाही त्याचीच. खर्च सुमारे ७,००० डॉलर, तेव्हाच्या दराने तीन लाख रुपयांच्या आसपास. एवढ्यात केलेल्या सिनेमाने सनडान्स महोत्सवात ज्युरींचं सर्वोच्च पारितोषिक नेलं, शिवाय विज्ञानविषयक सिनेमासाठीचा स्लोन पुरस्कारही.

त्यातलं यंत्र, म्हणजे काळात मागे नेणारी पेटी, मात्र समजून घेण्यासारखं आहे, आणि एवढं आधी कळलं तर रसभंग होत नाही, उलट मदतच होते. समजा सकाळी नऊला पेटी चालू केली. मग हॉटेलच्या खोलीत जाऊन बसायचं; फोन नाही, कुणाला भेटणं नाही. दुपारी तीनला परत येऊन पेटीत शिरायचं, आत सहा तास पडून राहायचं आणि बाहेर यायचं ते त्याच दिवशीच्या सकाळी नऊला. तोवर शेअर बाजारात काय झालं ते ठाऊक झालेलं असतं. नऊ ते तीन या वेळात जगात तुम्ही दोन असता, म्हणून तर त्या खोलीत लपणं. आणि पेटी चालू केली त्या क्षणाच्या मागे जाता येत नाही. ही शेवटची अट सैद्धांतिक भौतिकीच्या जवळची आहे: भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये कृमिविवरातून (वर्महोल, अवकाश-काळातला बोगदा) कालप्रवासाचा जो विचार मांडला, त्यातही यंत्र तयार होण्याआधीच्या काळात जाता येत नाही.

इथवर बहुतेकांना कळतं. शेवटच्या अर्ध्या तासात पेटीत पेटी सुरू होते आणि भले भले हात टेकतात. 'एक्सकेसीडी' या व्यंगचित्रमालेत २००९ मध्ये सिनेमांतल्या पात्रांच्या हालचालींचे तक्ते काढले होते, त्यात 'प्रायमर'च्या वाट्याला नुसता रेषांचा गुंता आला. माझ्या मते सगळं कळण्याची गरजही नाही. दोन मित्रांतला विश्वास कधी आणि कसा सुटतो ते दिसलं तरी बस्स. पण ७७ मिनिटांनंतर हिशेब लागलाच पाहिजे असा ज्याचा स्वभाव आहे, तो चिडणार. ज्याला हिशेब मांडत बसायला आवडतं, तो पुन्हा पहिल्यापासून लावणार.

'कोहेरन्स'चं तसं नाही. आठ मित्रमैत्रिणी जेवायला जमल्यात, वरून धूमकेतू जातोय, फोनची काच आपोआप तडकते, दिवे जातात आणि गल्लीत एकच घर उजळलेलं दिसतं. तिथे जाऊन बघतात तर आत हेच सगळे जेवायला बसलेले. खर्च सुमारे ५०,००० डॉलर, जागा बिरकिटचं स्वतःचं घर, शूटिंग पाच रात्रींचं. नटांना पूर्ण संहिता दिलीच नव्हती. प्रत्येकाला त्या रात्रीपुरती आपल्या पात्राची टिपणं मिळायची, समोरचा काय करणार याचा पत्ता नसायचा. त्यामुळे चेहऱ्यांवरचा गोंधळ खरा वाटतो. मात्र सगळे एकदम बोलतात, कॅमेरा हलतो, मध्येच पडदा काळा होतो. ज्यांना हा सिनेमा आवडत नाही ते नेमकं हेच सांगतात, आणि ही माणसं घरात गप्प का बसत नाहीत, हेही. दुसरा प्रश्न रास्त आहे.

विज्ञानाच्या बाबतीत 'कोहेरन्स' जरा सैल आहे. गाडीत ठेवलेलं एक पुस्तक वेळेवर सापडतं आणि त्यातून श्रोडिंगरचं मांजर बाहेर येतं, पेटी उघडून बघेपर्यंत जिवंतही आणि मेलेलंही मानायचं ते, विचारप्रयोगातलं. ही सोय मला खटकली. प्रत्येक शक्यता आपापल्या वेगळ्या विश्वात खरी होते या अनेक विश्वांच्या कल्पनेत, जी भौतिकशास्त्रज्ञ ह्यू एव्हरेटने १९५७ मध्ये मांडली, फाटे फुटले की ते एकमेकांना भेटत नाहीत. इथे धूमकेतूने तोच नियम मोडला असं धरून चालायचं. एकदा धरलं की मजा सुरू. कुणाच्या हातात निळी ग्लो-स्टिक (अंधारात चमकणारी कांडी), कुणाच्या हातात लाल, फोटोंच्या मागे फाशावर पडलेले आकडे. आपण नेमक्या कुठल्या घरातले, हे सिद्ध करायची त्या माणसांची धडपड बघताना भौतिकी विसरायला होतं. आणि प्रमुख पात्र, एम, शेवटी जे करते त्याला विज्ञानाची गरजच नाही.

तर निवड अशी. घरात चार जण जमलेत, बघून झाल्यावर गप्पा मारायच्यात, तर 'कोहेरन्स', घाबरवतोही थोडा. जोडीला सायन्स फिक्शन न आवडणारं कुणी असेल तरी हाच. 'प्रायमर' एकट्याने, हातात रिमोट घेऊन, सबटायटल्स लावून. आवाज काही ठिकाणी इतका पुटपुटता आहे की इंग्रजी पक्कं असलेल्यांचीही सबटायटल्सशिवाय पंचाईत होते. दोन्ही बघायचेच असतील तर आधी 'कोहेरन्स'. पण पदार्थविज्ञान करणं म्हणजे काय, तो कंटाळा, ती चिकाटी, मोजमाप चुकलं का म्हणून पुन्हा मोजणं, हे बघायचं असेल तर मी 'प्रायमर'च्या बाजूने. पेटीत ठेवलेलं घड्याळ बाहेरच्यापेक्षा कितीतरी पुढे गेलेलं दिसतं, ते सगळं प्रकरण कुठल्याही स्पेशल इफेक्टशिवाय अंगावर काटा आणतं.

आणि 'प्रायमर'चे कालरेषेचे तक्ते इंटरनेटवर ढिगाने आहेत. सिनेमा पहिल्यांदा बघायच्या आधी ते उघडू नका; नंतर उघडलेत तर तेही आपसांत जुळत नाहीत असं दिसेल.