"ही एफडीच आहे काका"

पंचायत समितीच्या लेखा शाखेत मी ३१ वर्षं काढली. दुसऱ्यांची बिलं तपासायची, व्हाउचरला कागद जोडलेला नसेल तर परत पाठवायचं, ऑडिटवाल्यांच्या आक्षेपांना उत्तरं लिहायची. वाचल्याशिवाय सही करत नाही म्हणून ग्रामसेवक माझ्या नावानं बोटं मोडायचे. त्याच माणसानं मार्च २०२२ मध्ये स्वतःच्या घरात, पंख्याखाली बसून, बँकेच्या कागदांवर सतरा ठिकाणी न वाचता सह्या केल्या. पेन्सिलीनं फुल्या मारून ठेवल्या होत्या. फुली दिसेल तिथं सही.

बँकेचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की वाचणारा हुश्श करतो, आपलं खातं तिथं नाही म्हणतो आणि पुढं वाचायचं सोडून देतो.

निवृत्तीच्या पैशांतली ५ लाखांची एक पावती २१ मार्चला संपत होती. नूतनीकरणासाठी गेलो तर काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, "काका, आत सरांना भेटा, जास्त व्याजाचं काहीतरी आहे." काचेच्या खोलीत सव्वीस-सत्तावीस वर्षांचा पोरगा. उठून उभा राहिला, वाकून नमस्कार केला, गाव विचारलं आणि आजोळ आमच्याच तालुक्यातलं निघालं. मग काय, चहा आला. म्हणाला, "ही एफडीच आहे काका, फक्त नाव वेगळं. एकदाच भरायचे, पाच वर्षांनी उचलायचे. वर मुलाला विम्याचं संरक्षण फुकट."

फुकट हा शब्द कानावर पडला की माझ्यातला लेखनिक खडबडून जागा व्हायला हवा होता. तो झोपलाच होता. खरं कारण सांगतो. बँकेत बसलेला माणूस खोटं बोलेल हे माझ्या पिढीच्या डोक्यातच येत नाही. चिटफंडवाल्याला मी दारातून हाकलला असता. लॉटरी लागल्याचा फोन आला असता तर चार शिव्या घातल्या असत्या. पण इथं माझी पेन्शन येते, लॉकर इथंच आहे, मुलीच्या लग्नाचं कर्ज इथूनच फेडलं.

होळीच्या संध्याकाळी पोरगा फॉर्म घेऊन घरी आला. घरपोच सेवा म्हणे. मुलगा चाकणहून सणाला आलेला, "नॉमिनी म्हणून यांचीही सही लागेल" म्हणून त्याच्याही सह्या घेतल्या. बायकोनं पुरणपोळी वाढली, त्याच्या आईसाठी चार पोळ्या डब्यात बांधून दिल्या. निघताना म्हणाला, "कंपनीतून एक फोन येईल. विचारतील त्याला होय म्हणा, नाहीतर प्रोसेस अडकते. आणि बाँड घरी येईल, नीट जपून ठेवा."

फोन आला. मी होय म्हणालो. बाँड आला, तोही जपून ठेवला. इतका जपून की त्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा फाडलं नाही. बायकोनं तो कपाटात शालूच्या घडीखाली सरकवून दिला.

मार्च २०२३ मध्ये मोबाइलवर मेसेज आला की हप्त्याचे ४,८९,२३५ रुपये भरायचे आहेत. गंमत बघा, सध्या फसवे मेसेज फार येतात म्हणून मी तो पुसून टाकला! दोन दिवसांनी परत आला, पॉलिसी नंबरासकट. तेव्हा कुठं शालूखालून पाकीट काढलं.

आत एफडी नव्हतीच. पंधरा वर्षं मुदतीची विमा पॉलिसी, हप्ता दहा वर्षं. पावतीवर स्पष्ट छापलेलं: प्रीमियम ४,७८,४६९ आणि जीएसटी २१,५३१, एकूण ५ लाख. तेव्हा पहिल्या वर्षी साडेचार टक्के कर लागायचा (सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक विम्यावर तो नाही). मुदत ठेवीवर जीएसटी लागलेला कुणी पाहिलाय का? ती एक ओळ वर्षभरापूर्वी वाचली असती तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. विमा माझा नव्हताच, मुलाच्या जिवावर होता. माझं वय त्या योजनेत बसत नव्हतं. नॉमिनी म्हणून घेतलेल्या सह्या त्यासाठी होत्या.

आणि खरी मेख पुढं होती. पॉलिसी नको असेल तर परत करायला तेव्हा पंधरा दिवस असत, पॉलिसी हातात पडल्यापासून. ते दिवस प्लॅस्टिकमध्येच संपले होते. (आता, २०२४ च्या नियमांपासून, सगळ्यांना तीस दिवस मिळतात. पण पाकीट फोडणाऱ्यालाच त्याचा उपयोग.) अशा पारंपरिक पॉलिसीला त्या वेळी दोन वर्षांचे हप्ते भरल्याशिवाय सरेंडर किंमतच, म्हणजे मधेच मोडली तर हातात पडणारी रक्कमच, नसायची. म्हणजे गेलेले ५ लाख सोडून द्या, नाहीतर अर्धे-मुर्धे परत मिळावेत म्हणून आणखी ५ लाख ओता. माझी पेन्शन महिना २८ हजार. वर्षाचे ३ लाख ३६ हजार होतात. बायकोला आठ दिवस सांगितलं नाही. रात्री उठून गॅलरीत बसायचो, ती समजायची ॲसिडिटी आहे.

शाखेत गेलो तर काचेच्या खोलीत दुसराच पोरगा. मॅनेजर सज्जन वाटले, पाणी दिलं, आणि म्हणाले, "आम्ही फक्त एजंट आहोत हो. पॉलिसी कंपनीची, कंपनीशी बोला." कंपनीला लिहिलं. कंपनीचं उत्तर आलं की विक्री बँकेनं केली, सह्या आपल्या आहेत, परत करण्याच्या मुदतीत आपण कळवलं नाही, पडताळणीच्या फोनवर आपण सर्व अटी मान्य केल्या आहेत. रेकॉर्डिंगही ऐकवलं. माझाच आवाज, सात वेळा होय. त्या बाईंनी प्रश्न इतक्या भरभर वाचले होते की आरतीतल्या शेवटच्या कडव्याची आठवण व्हावी.

इथं माझ्यातला लेखनिक एकदाचा जागा झाला. कंपनीकडे मी मूळ प्रस्ताव अर्जाची प्रत मागितली. ती द्यावी लागते, मागा. अर्जात माझा व्यवसाय होता 'व्यापार'. वार्षिक उत्पन्न १२ लाख. ईमेल पत्ता असा की जो मी जन्मात पाहिलेला नाही. अक्षर माझं नाही, खाली सही मात्र माझी.

आता विचार करा. माझी पेन्शन दर महिन्याला त्याच बँकेत जमा होते. किती तारखेला, किती रुपये, हे त्यांच्या कॉम्प्युटरला पैशापैशासकट ठाऊक. पावती कधी संपणार हे त्यांना माझ्याआधी कळतं. त्याच बँकेच्या खोलीतून माझं उत्पन्न १२ लाख असल्याचा कागद निघतो आणि कुणाला खटकत नाही. माहिती सगळी त्यांच्याकडे, जबाबदारी सगळी माझ्या सहीवर. पंचायत समितीत एखाद्या लिपिकानं असं बिल पास केलं असतं तर लिपिक, सहायक लेखाधिकारी आणि गटविकास अधिकारी, तिघांवरही आक्षेप निघाला असता. इथं बँक आणि कंपनी यांच्या मधोमध एक फट ठेवलेली असते, आणि आपण तीत पडतो.

त्या पोराचा नंबर मोबाइलमध्ये होताच. चार वेळा उचलला नाही, पाचव्यांदा उचलला. नोकरी सुटली होती, गावी दूध संकलनाचं काम बघत होता. मी ओरडायचं ठरवलं होतं. तोच आधी बोलायला लागला. सकाळी साडेआठला फोनवर मीटिंग, प्रत्येकानं आजचे लॉगिन, म्हणजे भरून घेतलेले अर्ज, किती ते सगळ्यांसमोर सांगायचं. शून्य असेल तर शून्य मोठ्यानं म्हणायचं. सोमवारी त्या आठवड्यात संपणाऱ्या पावत्यांची यादी यायची, ज्येष्ठ नागरिक वेगळ्या रंगात. मार्चमध्ये तर रविवारही नाही. "माझ्या खिशात काही आलं नाही काका. सहा महिने नोकरी टिकली, एवढंच."

मी त्याला माफ केलं नाही. अर्जात १२ लाख त्यानंच लिहिले. पण वेगळा रंग त्यानं दिला नव्हता. त्या काळच्या नियमानं लांब मुदतीच्या अशा पॉलिसीवर पहिल्या वर्षी ३०-३५ टक्क्यांपर्यंत कमिशन देता यायचं, म्हणजे माझ्या एका होळीत दीड लाखाच्या आसपास, आणि ते पोराला नाही, बँकेला. २०२३ मध्ये ती टक्क्यांची मर्यादा काढून कंपनीच्या एकूण खर्चावर मर्यादा आणली. रंग कुणी बदलला का, ते मात्र शाखेत जाऊनच पाहावं लागेल.

अमेरिकेतल्या भाच्याला हे सांगितलं तर त्याला नवल वाटलं नाही. तिकडं वेल्स फार्गो नावाच्या बड्या बँकेत टार्गेटपायी कर्मचाऱ्यांनी गिऱ्हाइकांच्या नावानं त्यांना न विचारता लाखो खाती उघडली. २०१६ मध्ये १८.५ कोटी डॉलर दंड झाला. त्याआधी काही वर्षांत बँकेनं ५,३०० माणसं काढली होती, जवळजवळ सगळी खालची. दोष त्यांचा, म्हणे. प्रत्येक गिऱ्हाइकाला आठ-आठ योजना विकण्याचं लक्ष्य ठरवणारे वर बसले होते. त्यांच्या प्रमुखाला खुर्ची सोडावी लागली, पण प्रकरण चव्हाट्यावर आल्यावर. आपल्याकडंही येस बँकेचे सुमारे ८,४०० कोटींचे एटी-१ रोखे (बँक अडचणीत आली तर ज्यांचे पैसे बुडू शकतात असे कर्जरोखे) मार्च २०२० मध्ये शून्य झाले, तेव्हा त्यात एफडीपेक्षा बरे म्हणून गळ्यात मारलेले सामान्य ठेवीदार निघाले. भांडवल बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं २०२१ मध्ये त्याबद्दल बँकेला २५ कोटींचा दंड लावला. १८ नोव्हेंबर २०२४ ला मुंबईत खुद्द अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी बँकांना बजावलं की विम्याची चुकीची विक्री थांबवा, मूळ कामाकडं लक्ष द्या. चांगलं बोलल्या. पण टार्गेटचा कागद तयार होतो तिथं भाषण पोचतं का, हा माझा प्रश्न आहे.

माझं पुढं काय झालं ते थोडक्यात. कंपनीनं लेखी नकार दिला, तो जपून ठेवला. नकार मिळाल्यावर, किंवा तक्रार करून महिना झाला तरी उत्तर नसेल तर, विमा लोकपालाकडं, म्हणजे गिऱ्हाईक आणि विमा कंपनीतल्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडं, जाता येतं. नकारापासून वर्षाच्या आत. आमच्या जिल्ह्याचं कार्यालय पुण्यात नारायण पेठेत. फी नाही. वकील चालत नाही, आणि ते बरंच आहे, कारण समोरच्यालाही वकील आणता येत नाही. बँकेच्या वागणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाचा १४४४८ हा नंबर आहे. विमा प्राधिकरणाचा १५५२५५. दोन्हीकडं मराठीत बोललो.

अर्ज मी स्वतः नेऊन दिला आणि पोच घेतली. सुनावणी मोबाइलवर झाली. कंपनीची बाई रेकॉर्डिंगवर बोट ठेवून होती. मी "मला फसवलं" हे एकदाच म्हणालो. त्याला पुरावा नव्हता, पोरानं तोंडी सांगितलेलं कुठून आणणार? मी तीन कागद ठेवले. पेन्शनचं पासबुक, १२ लाखांचा अर्ज, आणि तो ईमेल पत्ता माझा नाही असं लिहिलेलं माझं पत्र. ३ लाख ३६ हजार मिळवणारा माणूस वर्षाला ५ लाखांचा हप्ता कसा भरेल, एवढंच विचारलं. लोकपालसाहेबांनी तोच प्रश्न कंपनीला विचारला. त्या बाई कागद चाळत राहिल्या.

निकालात पॉलिसी सुरुवातीपासून रद्द झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये ५ लाख परत आले. व्याज नाही. वीस महिन्यांचं व्याज, ६ टक्क्यांनी धरलं तरी ५० हजार, गेलं. बँकेकडून एक पत्र आलं, त्यात "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल" दिलगिरी होती. गैरसोय! एसटी उशिरा आली की गैरसोय होते.

पैसे जमा झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. नवा आवाज, गोड. "काका, तुमच्या खात्यात बरीच रक्कम नुसती पडून आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठी खास एक आलंय, एफडीसारखंच."

मी तेव्हा पोस्टाच्या रांगेत होतो, ज्येष्ठ नागरिक योजनेचा फॉर्म हातात, तिमाहीला १०,२५० रुपये व्याज बसत होतं. म्हटलं, "बाळ, एकच सांग. त्यावर जीएसटी लागतो का?"

पलीकडं जरा शांतता झाली.

"थोडासाच लागतो काका."