काजळाची शाई की हिरड्याची?

दोन्ही शाया घरी करून, दोन्हींनी स्केचबुकं भरून झाल्यावर हे लिहितोय. बोरूनं, म्हणजे वेताच्या लेखणीनं, काम करणाऱ्यांना कृती ढोबळमानानं ठाऊक असते, म्हणून त्यात शिरत नाही.

काळेपणात काजळाला तोड नाही. तिळाच्या तेलाच्या दिव्यावर धरलेली काजळी बाभळीच्या डिंकात नीट खलली की रेष उमटताक्षणी गर्द दिसते आणि उन्हानं उडत नाही. जुन्या पोथ्यांतली अक्षरं अजून ठसठशीत आहेत ती या काजळीमुळेच. खलायला मात्र चिकाटी लागते. काजळी पाण्यात भिजतच नाही, वर तरंगत राहते. मी तासभर खलतो. त्याआधी थांबलो की बोरूतून कण उतरतात.

हिरड्याची शाई पटकन होते, पण तिची रेष आधी फिकट राखाडी उमटते आणि वाऱ्यावर हळूहळू काळी पडते. त्यामुळे छायेचा अंदाज चुकतो. सुरुवातीला माझी कितीतरी चित्रं दुसऱ्या दिवशी नको इतकी गडद झालेली असायची. महिनाभरात हात बसला.

माझा निर्णय झाला तो पावसाळ्यात. जुलैमध्ये कोल्हापुरात पंचगंगा घाटावर बसून पाण्यात उभ्या असलेल्या देवळांची काजळानं चित्रं काढली. चांगली वाळल्यावरच वही मिटली. रात्री उघडायला गेलो तर पानं एकमेकांना चिकटलेली. सोडवताना शिखराच्या रेषा समोरच्या पानावर उतरल्या, आणि मला खरंच रडू आलं. आपल्याकडच्या दमट हवेत डिंक ओल धरतो. पुढच्या खेपेला डिंक कमी केला, तर काजळी बोटाला लागायला लागली. वरून पाण्याचा वॉश, म्हणजे ओल्या कुंचल्याचा पातळ हात, दिला की रेष फुटायची ती वेगळीच. कदाचित माझंच प्रमाण चुकत असेल, कुणाला मधला मार्ग सापडलाही असेल. मला दोन पावसाळ्यांत सापडला नाही.

हिरडा इथे वेगळा वागतो. कोल्हापुरी चपलेचं चामडं कमावायला बाभळीच्या सालीबरोबर वापरतात तोच हा हिरडा. त्यातलं टॅनिन हे तुरट द्रव्य हिराकसातल्या, म्हणजे लोहाच्या क्षारातल्या, लोहाशी मिळून काळं होतं आणि कागदाच्या तंतूंत मुरतं. डिंक नावापुरता लागतो. एक दिवस सुकू दिली की वॉशखाली रेष हलत नाही आणि पानं मोकळी राहतात.

तिचा दोषही सांगायला हवा. ही शाई आम्लधर्मी असते. हिराकस जास्त झालं तर काही वर्षांनी कागद खाते, आणि पोलादी निब गंजवते. म्हणून मी हिराकस हिरड्याच्या चौथाईपेक्षा जास्त घालत नाही आणि बोरूच वापरतो. जपून ठेवायचं, फ्रेम करायचं चित्र असेल तर आजही काजळच घ्या, तेही उन्हाळ्यात.

पण रोज वही घेऊन रंकाळ्यावर किंवा घाटावर बसणार असाल, तर हिरडा आणा. काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो. कुटण्याआधी आतली बी काढून टाका. टॅनिन मुख्यतः बाहेरच्या सालीत असतं.